गावंडे काका आणि गोडं पाणी

गावंडे काकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. अमरावतीहून बदली होऊन मी अकोल्यात आले त्या दिवशी सामानाचा टेम्पो अजून दारात उभा होता. काका शेजारच्या घरातून निघून सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरले, नळाचं पाणी एका बाटलीत घेतलं, खिशातून साबणाचा तुकडा काढून आत टाकला आणि बाटली गदागदा हलवली. फेस आला नाही. पाणी नुसतंच पांढरट झालं.

"गिझर आनला का, म्याडम?"

"हो. नवाच आहे."

"दोन वर्सं," असं म्हणून ते निघून गेले. गिझर वीस महिन्यांत बंद पडला. काकांनी चार महिने जास्त सांगितल्याबद्दल माझ्याकडे दिलगिरी व्यक्त केली.

आमच्या कॉलनीचा सगळा कारभार बोअरच्या पाण्यावर चाले. त्या पाण्यात इतके क्षार की, उन्हाळ्यात कुलरच्या ताट्या मीठ चोळल्यासारख्या पांढऱ्या होत, शॉवरची भोकं एकेक करून मिटत आणि वॉशिंग मशीनमधून निघालेला टॉवेल भिंतीला टेकवून उभा करता येई. काकांनी उभी नोकरी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांची रेडिएटरं साफ करण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर त्यांनी कॉलनीतले गिझर दत्तक घेतले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते बादली, पाना आणि लिंबूसताची पुडी घेऊन निघत. कॉइल बाहेर काढून तिच्यावरचा बोटभर थर दाखवत आणि घरमालकाची मान खाली जाईपर्यंत ती तशीच समोर धरून ठेवत.

"मशीन रडत नाही," ते म्हणत, "म्हून तिचं दुखनं आपुनच पाहा लागते."

लोक त्यांना टाळत, हेही सांगून टाकते. रविवारी सकाळी काकांची चाहूल लागली की दोन-तीन घरांतली माणसं हमखास देवळात जात. काका देवळाबाहेर बादली घेऊन थांबत.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला वर्षभराने कळलं. माझ्या न्हाणीघरात स्टुलावर उभे राहून, हातात कॉइल धरून त्यांनी ते सांगितलं. काका तेल्हाऱ्याकडचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले. तिथल्या विहिरींचं पाणी खारट, म्हणून गोड्या पाण्याच्या गावची माणसं त्या भागात मुली द्यायला कचरत. सुमनकाकू मोझरीकडच्या. त्यांचे वडील घर पाहायला येणार म्हटल्यावर काकांच्या घरच्यांनी पहाटेच बैलगाडी जुंपली आणि डोंगराकडच्या एका गावातून दोन हंडे गोडं पाणी आणलं. पाहुण्यांनी ते प्यायलं. लग्न ठरलं.

लग्नानंतर काकूंनी पहिल्यांदा वरण लावलं. दुपार झाली तरी तुरीची डाळ शिजेना. सासूबाई म्हणाल्या, "सोडा टाक." काकूंनी चूल विझवली, विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि म्हणाल्या, "फसवून आनलं."

त्यानंतर हे दोन शब्द त्या घरात कायमचे राहायला आले. मुलाच्या बारशाला काकू ते म्हणाल्या. काकांच्या निवृत्तीच्या दिवशी, हार गळ्यात असतानाच म्हणाल्या. आवाज चढवून नाही, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

"मले बाकी काही नोको, म्याडम," काका स्टुलावरून म्हणाले. "तिनं एक डाव म्हनाव, जाऊ द्या, झालं गेलं. बस." आणि कॉइल पुन्हा बसवू लागले. मला त्यांची दया आली, आणि हसूही आलं. दोन्ही मी लपवलं.

शेवटी काकांनी पाणी मऊ करणारं यंत्र आणलं. त्याच्या टाकीत अधूनमधून मीठ घालावं लागतं, हे कळल्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत. "खाऱ्या पान्याले मीठ चारून गोड कराचं," ते मला म्हणाले, "आन शहाने आपल्याले अडानी म्हनतेत." तरी त्यांनी ते बसवलं. त्या दिवशी मला जेवायला बोलावलं होतं. डाळ लोण्यासारखी शिजली होती. काका घास हातात धरून काकूंच्या तोंडाकडे पाहत होते.

"वरन चांगलं झालं," काकू म्हणाल्या. "फसवून आनलं ते आनलंच."

काकांनी घास खाल्ला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बादली घेऊन पुन्हा निघाले.

यंदाच्या पोळ्यानंतर एका सकाळी ते चहा पिता पिता गेले. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि मी काकूंजवळ जाऊन बसले. काही बोलायचं म्हणून म्हणाले, "काकू, त्या पाण्याचं काकांना फार लागलं होतं हो."

काकू म्हणाल्या, "माह्या बाबाले माईत होतं."

"काय माहीत होतं?"

"पानी. अवं, या लोकायनं प्यासाठी गोडं पानी आनलं, पन पाय धुवाले बाहेर विहिरीचंच ठेवलं. बाबानं त्याच पान्यानं चूळ भरली. तवाच समजलं त्याइले." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "घरी येऊन मले सांगतलं, पोरी, पानी खारं हाये. पन एका पाव्हन्याच्या गिलासासाठी जे मानसं एवढ्या दुरून बैलगाडीनं पानी आनतेत, थे तुले तहानेली ठेवनार नाहीत. तुह्या मनात असन तं हो म्हन. म्या हो म्हनलं."

"मग इतकी वर्षं त्यांना सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं गिझर कोनं उघडला असता?" काकू लगेच म्हणाल्या. त्या हसल्यासुद्धा. मग त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"सांगनारच होती वं," त्या म्हणाल्या. "या दिवाळीले सांगनार होती."