सहा वाजता उतरणारा पट्टा

प्रेमलाबाई बावीस वर्षं कात्रजला घरच्या घरी ब्लाउज शिवतात. शिलाईचं त्यांना कधी ओझं वाटलं नाही. ओझं होतं ते ‘पाचच मिनिटां’चं. संध्याकाळी ऑफिसं सुटली की बायका यायच्या. कुणाला हूक लावून हवा, कुणाची बाही उसवायची. पाच मिनिटांचे दोन तास व्हायचे.

उन्हाळ्यात त्यांचे यजमान मच्छिंद्रराव अर्धांगवायूने आजारी पडले. रोज संध्याकाळी तासभर चालवा, पहिले सहा महिने महत्त्वाचे, असं डॉक्टरांनी बजावलं. मच्छिंद्रराव सहाला बूट घालून, काठी घेऊन दाराशी बसायचे. आत मशीन चालू. एकदा साडेसात झाले, तेव्हा त्यांनी एका हाताने आपले बूट काढले आणि ते आत गेले. ते प्रेमलाबाईंना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला त्यांनी मशीनच्या चाकावरचा चामडी पट्टा उतरवून पर्समध्ये टाकला. येईल तिला सांगितलं, पट्टा तुटलाय. तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं. दहा दिवस निभावलं. मच्छिंद्रराव रिक्षा स्टँडपर्यंत जाऊ लागले.

अकराव्या दिवशी, दोघं निघायच्या बेतात असताना, आयटी कंपनीतल्या नम्रताताई आल्या. जुनं गिऱ्हाईक. दहा दिवस पट्टा तुटल्याचं ऐकत होत्या; बाईंची अडचण नको म्हणून बुधवार पेठेतून मुद्दाम नवा पट्टा घेऊन आल्या होत्या. बसवायला पाचच मिनिटं लागतील, म्हणाल्या.

प्रेमलाबाईंनी दारातल्या बुटांकडे पाहिलं. मग पर्समधून जुना पट्टा काढला.

“ताई, हा धड आहे. सहाला मीच काढते. ह्यांना चालवायचं असतं. सहानंतर मशीन बंद.”

गिऱ्हाईक गेलं, असंच त्यांनी धरलं होतं. नम्रताताईंनी पट्टा नीट उलटसुलट पाहिला.

“मग दहा दिवस बिचाऱ्या पट्ट्याला कशाला तोडलंत? सरळ सांगायचं. सकाळी किती वाजता येऊ?”

“सातपासून केव्हाही या.”

“नवा राहू दे. खरंच तुटला तर लागेल.”

पुढे दोन बायका यायच्या बंद झाल्या. बाकीच्या सकाळी येऊ लागल्या.

नम्रताताई आल्या त्या संध्याकाळी मात्र दोघं रिक्षा स्टँडपाशी पोचले, आणि बाई सवयीने परत वळल्या. मच्छिंद्रराव जागचे हलले नाहीत.

“मशीन बंद हाय ना?” त्यांनी विचारलं. “मग त्या पुढच्या खांबापर्यंत जाऊ.”