तीन जावांचं एक उत्तर

आत्याच्या टेबलावर तीन कॉम्प्युटर आहेत. थोरली विंडोज, मधली मॅक, धाकटी लिनक्स. ती त्यांना जावा म्हणते. "एका घरात नांदतात, पण एकीची फोडणी दुसरीला चालत नाही." स्प्रेडशीटला जोडायचा गणिताचा छोटा प्रोग्रॅम ती लिहिते आणि तिघींवर वेगवेगळा कंपाइल करते, म्हणजे जिला जसं पचेल तसं बांधून देते. नियम ठरलेला. एकच उदाहरण प्रत्येकीला दोनदा घालायचं. तिघींचं एकमत झाल्याशिवाय फाइल उंबरा ओलांडत नाही.

त्या सकाळी नियम मोडला.

कारखान्यात दोन क्रेननी मिळून एक अवजड टाकी उचलायची होती. कुठल्या क्रेनवर किती भार येईल, ते आत्याचा प्रोग्रॅम सांगणार. एक क्रेन चालवणार होता तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका. चांगला धिप्पाड गडी, घरात मात्र टिल्लू. तिथल्या इंजिनिअरचा लॅपटॉप नेमका लिनक्सवाला. "मॅडम, माणसं उन्हात उभी आहेत. देताय ना?"

आत्याने धाकटीला उदाहरण एकदाच घातलं. जुळलं. फाइल गेली.

मग चहाचा कप हातात घेऊन, केवळ सवयीने, तिने तेच उदाहरण पुन्हा घातलं. उत्तर बदललं. भार कमी दाखवत होतं.

"काय गं?" मी विचारलं.

"पारडं रिकामं न करताच वजन केलंय मी."

बेरीज साठवायचा मेमरीतला खण आधी शून्यावर आणायची ओळ लिहायची राहिली होती. थोरल्या दोघींकडे तो खण नशिबाने रिकामाच मिळत होता, म्हणून झाकली मूठ. धाकटीच्या खणात मात्र दुसऱ्या खेपेला आधीच्या हिशेबाचं उरलंसुरलं पडून होतं, तेही उणे.

काकाला फोन करून उपयोग नव्हता. क्रेनच्या केबिनमध्ये फोन नेत नाहीत. तिने इंजिनिअरला लावला.

"साहेब, उचलू नका."

"दोर ताणलेत, मॅडम. शीटवर दोन्ही क्रेन हिरव्या आहेत."

"ते हिरवं खोटं आहे."

"सकाळी तुम्हीच म्हणालात, जुळलंय."

"एकदाच पाहिलं होतं. चूक माझी."

"भाऊ वर बसलाय म्हणून धीर सुटतोय का? बहीण बोलतेय की प्रोग्रॅमर?"

आत्याचा आवाज खाली गेला. "बहीण असती तर आधी रडली असती. टाकीचं वजन आहे ना, तोच आकडा पुन्हा टाका. उत्तर तेच आलं तर खुशाल उचला."

पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या. आत्या कपाचा कान घट्ट धरून उभी.

पलीकडून लांबलचक शिट्टी ऐकू आली. "खाली घ्या. दोघंही, हळू."

थोरलीच्या खऱ्या आकड्याप्रमाणे टिल्लूच्या क्रेनवर तिला पेलणार नाही इतका भार आला असता. आत्याने मला तो आकडा वाचून दाखवला नाही, नुसतं पडद्यावर बोट ठेवलं आणि उचललं.

राहिलेली ओळ घालेपर्यंत फोन वाजला.

"अक्के, तुझ्या जावांच्या भांडणात माझा डबा गार झाला."

"कुठे आहेस?"

"जमिनीवर. उकिडवा."

"मग जेव गुमान."

तिने फोन ठेवला आणि धाकटीला उदाहरण घातलं. जुळलं. मी फाइलवर बोट नेलं, तर तिने चापट मारली.

"थांब. अजून एकदा."