पहिल्या नंबरावर जबलपूर

बायको मेली त्याच उन्हाळ्यात नातीची बारावी झाली. "देवाघरी गेली" वगैरे मला लिहिता येत नाही. मेली. सकाळी चहा टाकायला उठली आणि ओट्यापाशी बसली ती बसलीच.

नात आमच्याकडेच वाढली. मुलाची नोकरी छत्तीसगडात, खाणीजवळ. तिथे शाळा धड नव्हती, म्हणून बायकोनं पोरीला लहानपणीच भोपाळला, अशोका गार्डनातल्या आमच्या घरी आणून ठेवलं. मी सातवी नापास. जन्म गेला करोंदच्या मंडीत धान्य तोलण्यात. पोरीच्या अभ्यासाचं सगळं बायको बघायची. तीही फार शिकलेली नव्हती, पण चारजणांना विचारायला लाजायची नाही. पोरगी इंजिनीअर होणार आणि सरकारी कॉलेजातूनच होणार, हे तिनं ठरवून टाकलं होतं. खासगीची फी ऐकली की म्हणायची, "एवढ्यात तर कॉलेजच विकत मिळेल."

निकाल लागला तेव्हा ती विचारणारी राहिली नव्हती. मीच विचारलं, "सरकारीत लागेल का गं नंबर?"

"नाही आबा, रँक मागे आहे माझा. इथलंच एक प्रायव्हेट आहे, घरून बसनं जाता येईल. मस्त आहे. वर्गात एसी आहेत."

मंडीत पोत्याचं तोंड उघडलं की वरचे दाणे टपोरेच दिसतात. म्हणून आम्ही हात कोपरापर्यंत खाली घालायचो. पोरगी एसीचं सांगत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

आमच्या गल्लीत एक रिटायर मास्तर आहेत. निकालाच्या दिवसांत पोरं मोबाईल घेऊन त्यांच्या दारात बसतात. मागच्या वर्षी कुठल्या कॉलेजात नंबर कुठपर्यंत गेला ते बघून मास्तर अंदाज सांगतात. पोरगी नको नको म्हणत असताना मी तिला तिथे नेलं.

मास्तरांनी रँक बघितला, चष्मा कपाळावर चढवला. "भोपाळचं सरकारी नाही मिळणार, भाऊ. खासगी कुठलंही मिळेल. पण जबलपूरचं सरकारी लागायला हवं. लिहून देत नाही, मागच्या वर्षावरून सांगतो." मग तिनं मोबाईलवर भरलेली कॉलेजांची पसंती बघून म्हणाले, "बेटा, हे काय? खासगी पहिल्या नंबरावर आणि जबलपूर खाली? वरचं मिळालं की खालचं कोण बघतं? उलटं भरलंस तू."

"उलटं नाही भरलं," ती म्हणाली. "समजून भरलंय."

मास्तरांनी मोबाईल तिला परत दिला. मी उठलो.

घरी येऊन मी म्हटलं, "खोटं का बोललीस?"

"मग काय करू? तुम्हाला गॅस बंद करायचं ध्यानात राहत नाही. आजी गेल्यापासून एकदा तरी पोटभर जेवलात?"

"म्हातारा आहे मी, तान्हा नाही."

"आजी असती तर..."

"आजी असती तर कानाखाली वाजवली असती तुझ्या. तिनं एवढी वर्षं ज्याचा ध्यास घेतला, ते माझ्या दोन पोळ्यांसाठी सोडतेस?"

पोरगी रडायला लागली. रडू दिलं. समजूत काढणं मला येत नाही, ते काम बायकोचं होतं. संध्याकाळी परत मास्तरांकडे गेलो. तिनं जबलपूर वर घेतलं. एकदा लॉक केलं की बदलता येत नाही म्हणे. बटणावर बोट ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दाब."

मास्तरांचा अंदाज खरा निघाला. मुलगा येऊन तिला जबलपूरला सोडून आला. जाताना तिनं आजीची रोजची शाल बॅगेत घातली, मला न विचारता. बरं केलं.

जन्मभर मुठीत धान्य घेऊन अंदाज सांगितले, पण एका माणसाचा भात किती, ते हाताला कळत नाही. दोघांचा होतो. कधी तिघांचा. मग मी नुसता बघत बसतो आणि तसाच झाकून ठेवतो.

काल तिचा फोन आला.

"आबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"वरण-भात. झकास झाला होता."

ती म्हणाली, "व्हिडिओ लावा. पातेलं दाखवा."

व्हिडिओ लावायला तिनंच शिकवलंय मला, जायच्या आधी. तरी म्हटलं, येत नाही.