बटन दाबायचं काम

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, तेव्हा तलावावरच्या काकांचा फोन आला. मौद्याच्या पुढे एका तलावावर बाबांची छोटी फायबरची नाव बांधलेली असते आणि तिथे मासेमारी करणारे हे काका तिच्यावर लक्ष ठेवतात, रोज तिचा पंप चालवून साचलेलं पाणी काढतात. ‘पोरी, डोंग्याचा पंप गेला. मी डब्यानं पाणी उपसून राहिलो, पण रोज रोज माह्यानं नाही होत. पंप आण, नाही तं इकून टाक.’

विकायची? माझ्या अंगाची लाही झाली. मनीषनगरच्या घरातलं बाबांचं कपाट मी मुकाट्यानं रिकामं होऊ दिलं होतं. ही नाव तेवढी मला बुडू द्यायची नव्हती.

तिच्या बुडातून पाणी पाझरतंच, कितीही लेप लावा. ते बाहेर फेकायला तळाशी एक पंप, स्कूटरच्या बॅटरीवर चालणारा. मी शाळेत असताना दर रविवारी बाबा पुढे गळ टाकून बसायचे आणि मी मागे, पंपाच्या बटनाजवळ. पाणी फळीला लागलं की दाबायचं. एकदा मी विचारलं, ‘बाबा, याले टाकीसारखा फ्लोट आहे ना? मंग आपोआप काहून नाही चालू होत?’

‘फ्लोट खराब आहे वं. तू नाही आली तं आपला डोंगा बुडते.’

त्या वाक्यावर मी शाळेत किती फुशारकी मारली असेल! पुढे कॉलेज आलं, नोकरी आली, रविवारची झोप प्यारी झाली. बाबा दारातून ‘येतं का वं?’ विचारायचे आणि मी पांघरुणातून हात हलवायचे.

पंप आणायला इतवारीच्या बाजारात गेले. ‘नावेतलं पाणी काढायचा पंप द्या’ म्हटल्यावर दुकानदारानं सरळ कूलरचा पंप समोर ठेवला. ‘हाच न्या ना मॅडम, सगळे हाच नेऊन राहिले.’ तो घरच्या विजेवर चालतो. तलावात सोडला तर मासे आणि मी एकदमच तळले जाऊ, हे सांगताना माझा आवाज चढला. तिसऱ्या दुकानात बॅटरीवरचा सापडला. चांगला दमदार होता, पण त्याचं तोंड जाड, आपला जुना पाइप त्याला बसणार नाही. शेवटी जुन्याच मापाचा घेतला. हिंगण्याच्या कारखान्यात जन्मभर इलेक्ट्रिशियन असलेल्या बाबांनी हे एका नजरेत ओळखलं असतं. दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी त्यांना विचारायला मोबाइल काढला, आणि मग आठवलं.

रविवारी काकांच्या मदतीनं जुना पंप काढला, तेव्हा फ्लोटची वायर दिसली. कुणीतरी ती पकडीनं नीट कापली होती. दोन्ही टोकांना काळी टेप, आणि टेपचं टोक दुमडलेलं. ही बाबांची सवय. पुन्हा सोडवताना नखाला सापडावं म्हणून. मी नवा पंप बसवला, टोकं जुळवून पाहिली आणि फ्लोट बोटानं उचलला. पंप लगेच घरघरला. फ्लोट ठणठणीत होता.

काका हसले. ‘तू यायची बंद झाली तवा मी त्याईले म्हटलं होतं, जोडून टाका ना भाऊ, एकटे काहून बटन दाबत बसता? तं म्हणे, राहू द्या. पोरगी आली तं तिले काय काम ठेवू?’

मी रडले, काकांसमोर, लाज न बाळगता. वायर जोडणं दोन मिनिटांचं काम होतं त्यांना. तेवढी वर्षं त्यांनी माझी जागा राखून ठेवली होती, आणि मी झोपले होते.

पण आठवडाभर मी इथे नसते, आणि काकांनी तरी रोज किती बघायचं? मी वायर जोडली. वरून टेप गुंडाळली आणि तिचं टोक दुमडून ठेवलं.