प्रोटीन अंकल

ताट वाढून समोर आलं की प्रोटीन अंकल आधी त्याची ओळख परेड घ्यायचे. पोळीकडे बोट दाखवून, "हे कार्ब." वरणाकडे, "हे प्रोटीन, पण अर्धवट." कोशिंबिरीकडे, "हे फायबर, हे आधी खायचं." मग तुपाच्या वाटीकडे जरा प्रेमाने बघत, "आणि हे गुड फॅट. याला मधे उगाच बदनाम केलं होतं." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझा घास हातातच राहिला. पुण्याहून दिल्लीला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता, घरच्या जेवणासाठी जीव कासावीस झाला होता आणि इथे मटकीच्या उसळीचं शवविच्छेदन चाललं होतं. काकू मात्र शांतपणे वाढत होत्या. "इतकी वर्षं मला वाटायचं मी पोळ्या लाटते," त्या म्हणाल्या. "आता कळलं, कार्ब लाटत होते."

मी त्यांना काकाच म्हणायचे. 'प्रोटीन अंकल' हे नाव मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीतल्या पोरांनी ठेवलं होतं, कारण क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना मधेच अडवून ते "बेटा, आज प्रोटीन लिया?" असं विचारत. काका केंद्र सरकारात अधिकारी. नोकरीची बहुतेक वर्षं आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेली आणि निवृत्ती जवळ आली तसा त्यांनी इथे फ्लॅट घेतला. मी नोएडातल्या कंपनीत नोकरीला लागले आणि त्यांच्या समोरच्या दारात भाड्याने राहायला आले. एकदा मी जिन्यात फोनवर आईशी भांडत होते, ते मराठी ऐकून काकूंनी दार उघडलं आणि भांडण संपायची वाट बघून जेवायला बोलावलं. तेव्हापासून मी त्या घरची झाले.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "शरीर म्हणजे सरकारी खातं नव्हे, इथे फाइल दाबून ठेवता येत नाही." त्यामुळे बाजारात आरोग्याची कोणतीही नवी टूम आली की ती फाइल त्याच दिवशी त्यांच्या टेबलावर मंजूर होई. कॉफीत तूप घालून झालं. नाचणी, वरई, राळं सगळं झालं. पोळी बंद झाली, पुन्हा सुरू झाली, मग दुसऱ्याच पिठाची झाली. दूध तर त्यांनी कायमचंच सोडलं. "मोठ्या माणसाला दुधाची गरज काय? वासरू आहे का मी?" असं ते म्हणायचे, आणि काकू आत गॅसवर स्वतःच्या चहाचं दूध तापवत म्हणायच्या, "वासरू निदान मुकाट्याने पितं."

एका वर्षी त्यांनी खिडकी काढली. म्हणजे दिवसातले काही तासच खायचे, बाकी वेळ तोंड बंद. खाण्याच्या तासांना ते 'माझी खिडकी' म्हणत. ही खिडकी दुपारी बारा वाजता उघडे. त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीची आरती लवकर आटोपली आणि काकांच्या हातावर उकडीचा मोदक पडला. काका तो तळहातावर घेऊन मांडवात तसेच उभे, नजर घड्याळावर. गुरुजी म्हणाले, "अहो साहेब, देवाच्या प्रसादाला मुहूर्त लागत नाही." काका गंभीरपणे म्हणाले, "प्रसादाला लागत नाही, माझ्या इन्सुलिनला लागतो." मोदक पार गार झाला. बारा वाजले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि काकांनी तो अशा तृप्त चेहऱ्याने खाल्ला की मला हसावं की डोक्याला हात लावावा ते कळेना.

थंडीतली गोष्ट तर विचारूच नका. जानेवारीत आमच्याकडे समोरची इमारत धुक्यात गडप होते, नळाचं पाणी हाताला चावतं, आणि हा माणूस गिझर बंद करून आंघोळ करायचा. कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं म्हणे. पहिल्या दिवशी बाथरूममधून जी आरोळी आली ती ऐकून खालच्या मजल्यावरचे चोप्राजी मफलर सावरत धावत वर आले. "भाईसाब, सब ठीक है?" आतून दात वाजत असतानाच उत्तर आलं, "बिल्कुल! नर्व्हस सिस्टम ट्रेन हो रहा है!" चोप्राजींनी माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "मी तर लग्नापासून ट्रेन होतेय."

मी त्यांना छळायचे खूप. त्यांच्यासमोर मुद्दाम छोले-भटुरे मागवायचे. एकदा अशाच थट्टेत विचारलं, "काका, एवढं जपून करायचंय काय? शंभरी गाठायची आहे का?" मला वाटलं ते नेहमीसारखं काहीतरी भाषण देतील. ते म्हणाले, "शंभरी नको गं. साठी पुरे." मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील पोस्टात होते, चुलते रेल्वेत, थोरला भाऊ पाटबंधारे खात्यात. सगळे सरकारी नोकर आणि सगळे साठीच्या आत हृदयविकाराने गेले. "आमच्या घराण्यात पेन्शन बायकांनीच खाल्ली," काका म्हणाले. "आजीने खाल्ली, आईने खाल्ली, वहिनी खातेय. मला माझी पेन्शन स्वतः खायची आहे. बस्स." हे सांगताना ते हसत होते, पण काकू उठून आत गेल्या. माझ्या भटुऱ्याचा तुकडा तोंडातच फिरत राहिला. त्यानंतर मी त्यांच्या कुठल्याही प्रयोगाला मनापासून हसू शकले नाही, वरवर हसायचे एवढंच.

आणि खरं सांगायचं तर ते जिंकत होते. साखर ताब्यात आली होती, पोट सपाट झालं होतं, जिने चढताना मला धाप लागायची आणि ते वर पोचून माझी वाट बघायचे. साठीला काही महिनेच उरले होते. काकूंनी गुपचूप साठीशांतीसाठी गुरुजींना विचारूनही ठेवलं होतं.

शेवटचं वर्षभर रसांचं खूळ होतं. सोसायटीच्या बागेत सकाळी फिरणाऱ्या मंडळींत ते आधीच पसरलेलं होतं. दिल्लीत दुधीला घिया किंवा लौकी म्हणतात, आणि इथे हृदयाला, पोटाला, वजनाला, कशालाही लौकीचा रस सांगतात. काका रोज सकाळी स्वतःच्या हाताने दुधीचा रस काढत. काकू भाजीला दुधी चिरायच्या तेव्हा देठाकडची एक चकती हटकून जिभेवर टेकवून बघायच्या, कडू निघाला तर अख्खा दुधी केरात. त्यांच्या आईने तसं शिकवलं होतं. पण रस हे काकांचं खातं, तिथे काकूंना प्रवेश नव्हता. चव वगैरे बघायचा प्रश्नच नव्हता. चव हा जुन्या पिढीचा शौक आहे असं त्यांचं मत होतं.

होळी होऊन गेली होती. ऑफिसला जाता जाता मी विरजणाची वाटी परत द्यायला त्यांच्याकडे गेले. काकूंची पूजा चालली होती, आतून घंटा ऐकू येत होती. काका ओट्याशी दोन ग्लास भरून उभे. "थांब, घोटभर घेऊन जा." मी एक घोट घेतला आणि माझी जीभच आखडली. असलं कडू मी आयुष्यात कधी चाखलं नव्हतं. तशीच बेसिनकडे धावले आणि थुंकले.

"काका, कारलं घातलंत का यात?"

"छे, निव्वळ दुधी. आज जरा कडक निघालाय."

"भयंकर आहे. फेकून द्या."

"अगं, कडू म्हणजे गुणकारी. औषध गोड लागलं तर ते औषध कसलं?" त्यांनी आपला ग्लास एका दमात संपवला, तोंड वेडंवाकडं केलं, डोळे पुसले आणि माझा ग्लास उचलला. "आणि पानात टाकायचं नाही." तोही प्यायले. मी म्हटलं, "धन्य आहात," आणि मेट्रो गाठायला पळाले.

'कडू म्हणजे गुणकारी' आणि 'पानात टाकायचं नाही', ही दोन्ही वाक्यं आपल्या घरातली. पाडव्याला कडुलिंब खायला घालताना एक सांगतात, ताटात भात उरला की दुसरं. या दोन वाक्यांनी धडधाकट माणूस मरू शकतो, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

काकूंचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. काकांच्या उलट्या थांबत नव्हत्या. चोप्राजींनी गाडी काढून त्यांना जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं होतं. मी पोचले तेव्हा बरेच तास गेले होते. काका पांढरेफटक पडले होते आणि उलटीत आता रक्त येत होतं. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर मला समजावू लागला, "घबराइए मत. सुबह दूध-रस खाया था, दूध खराब रहा होगा. फूड पॉइझनिंग है."

मी म्हटलं, "दूध? ये तो दूध पीते ही नहीं."

काकू गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. "मी दूध कुठे म्हटलं? मी सांगितलं ना त्यांना, सुबह दुधी का रस लिया."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दिल्लीत चहात बुडवून खायच्या टोस्टला 'रस' म्हणतात. दूध आणि रस हा इथला घरोघरचा सकाळचा नाश्ता. काकू 'दुधी का रस' म्हणाल्या आणि समोरच्याने दूध आणि टोस्ट ऐकलं. आयुष्य दिल्लीत काढलेली, भाजीवाल्याशी रोज 'घिया कैसे दिया' म्हणून घासाघीस करणारी बाई, नवरा रक्त ओकत असताना तिच्या तोंडात तिच्या आईचा शब्द आला. चोप्राजींनी तरी सांगितलं असतं, पण ते तेव्हा गाडी लावायला गेले होते.

"दूध नहीं," मी ओरडलेच. "लौकी. लौकी का जूस पिया है. दो ग्लास."

डॉक्टरचा हात थांबला. "कडवा था?"

"बहुत."

त्याचा चेहरा बदलला. मग फोन झाले, ॲम्ब्युलन्स आली, मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना काही समजावून सांगावं लागलं नाही, त्यांनी अशा केसेस पाहिल्या होत्या. कडू दुधी म्हणजे विष असतं, त्या म्हणाल्या. मी ऐकत होते आणि मला ते खरं वाटत नव्हतं. दुधी! भाज्यांतली सगळ्यात गरीब भाजी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आजारी माणसाला आपण तीच शिजवून घालतो. संध्याकाळी रक्तदाब खाली गेला तो वर आलाच नाही. दिवेलागणीला काका गेले.

डॉक्टरीणबाईंनी आधीचे रिपोर्ट मागवले होते. ते बघत त्या मला म्हणाल्या, "हार्ट बिल्कुल ठीक था इनका. इस उम्र में ऐसी रिपोर्ट कम देखने को मिलती है." त्या सहानुभूतीनेच बोलत होत्या, पण मला इतका राग आला, इतका राग आला की कुणावर काढावा कळेना. ज्या हृदयाला हा माणूस जन्मभर घाबरला ते शेवटपर्यंत चोख चाललं होतं. मी इस्पितळाच्या जिन्यात बसून ढसाढसा रडले.

काकूंनी त्या दिवशी एकच प्रश्न विचारला. "मी घिया म्हटलं असतं तर?" मी तो तसाच डॉक्टरीणबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, या विषावर उतारा नाही, दोन ग्लास म्हणजे फार झालं, कदाचित काहीच फरक पडला नसता. मी काकूंना सांगताना तो 'कदाचित' गाळला. काकूंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही हे मला दिसत होतं.

दिवस झाले, पाहुणे गेले. समाचाराला आलेल्या बागेतल्या एका गृहस्थांनी काकूंना ब्लड प्रेशरसाठी रोज सकाळी बिटाचा रस घ्यायला सांगितलं. चोप्राजींनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

परवा रविवारी सकाळी मी काकूंकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, चहा उतू जाऊन गॅसवर पसरला होता आणि त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं स्तोत्र म्हणताहेत. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं.

"घिया का जूस पिया है. लौकी का जूस. कडवा था. घिया का जूस पिया है."

मी पुढे होऊन गॅस बंद केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण त्या थांबल्या नाहीत. एकही शब्द न चुकता, अगदी स्वच्छ हिंदीत त्या सांगत होत्या.