मासोळीचे हात

अकोल्याच्या जुन्या शहरात, निदान आमच्या घरी, गळ टाकून मासे धरण्याला शिकारच म्हणतात. अब्बांचं वेल्डिंगचं दुकान रविवारी बंद, म्हणजे शिकार ठरलेली. गुडघे दुखायला लागल्यापासून ते माझ्या स्कूटीवर मागे बसून यायचे आणि रस्ताभर मला गाडी चालवायला शिकवायचे.

शिकार चालायची ती एका माळकरी शेतकऱ्याच्या शेततळ्यात. त्यांच्या जावयाने हौसेने तळ्यात मत्स्यबीज सोडलं आणि नंतर तो तिकडे फिरकलाच नाही. मासे मात्र वाढले. ज्या घरात अंडंही येत नाही, त्या घराने त्यांचं करायचं काय? भाऊ, आम्ही त्यांना भाऊच म्हणायचो, अब्बांना म्हणाले, "न्या मिस्त्री. आमाले तं पाहनंही होत नाही."

फुकटचं अब्बांच्या अंगी लागत नाही. त्यांनी भाऊंच्या फाटकाची बिजागरी जोडून दिली, कोळपणीच्या डवऱ्याची झिजलेली लोखंडी पास दुकानात नेऊन नवी करून आणली. मग तर ते मोडकं काही सापडतं का म्हणून शेतभर हिंडायला लागले. शेवटी भाऊ वैतागले.

"मिस्त्री, हे फेडाफेडी कायले करून राहिले? एक दिवस घरी पोटभर जेवा, सारं फिटलं."

"जेवतो ना भाऊ. आज हाताले मासोळीचा वास हाये."

माळकऱ्याचं घर आपल्यामुळे बाटू नये, एवढंच अब्बांच्या मनात. विहिरीवर हात घासघासून धुतले तरी ओसरीची पायरी काही ते चढले नाहीत. भाऊ दर वेळी एकदाच बोलवायचे, पुन्हा आग्रह करायचे नाहीत; अब्बा दर वेळी बांधावर डबा उघडायचे. मी एकदा म्हटलं, गळ टाकायच्या आधीच जेवून घ्या की. "तू नहीं समझेगी, बेटा," म्हणाले.

यंदा हरभरा सोंगायच्या दिवसांत भाऊ गेले. छातीत दुखल्याचं निमित्त झालं. तेरवीला आम्ही दोघं गेलो. भाऊंच्या बायको, आमच्या काकू, रडल्या नाहीत, त्यांनी अब्बांना सरळ विचारलं, "मिस्त्री, आमच्या घरचं तुमाले चालत नव्हतं काय? हे तसंच समजत. म्हनत, त्याईले आपल्या हातचं चालत नसन, उगाच आग्रह करून लाजवू नका."

 मग मीच सांगितलं, वासाचं आणि बाटण्याचं.

"इतकंच होतं?" काकू म्हणाल्या.

मला दोघांचाही राग आला. इतकी जाणती माणसं, आणि एकमेकांचा मान राखता राखता सोबत जेवायचं राहूनच गेलं. आता ते कुठून आणणार?

मांडवात पंगत बसली होती. अब्बा खाली मांडी घालून बसले, गुडघ्यांचं नावही काढलं नाही. काकू स्वतः वाढायला उठल्या. बायका म्हणाल्या, तुमी बसा, पण त्यांनी ऐकलं नाही. भात, वरण, कढी, वडे. अब्बांनी एकदाही पानावर हात आडवा धरला नाही. काकू वाढत गेल्या आणि ते खात गेले.