अधिक महिन्यातली कुसळी

माझं सासर दुबलगुंडीच्या बाजूचं. शेत थोडं, माळ मोठा. त्या माळावर कुठं कोणतं गवत येतं हे मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी पाठ करून टाकलं. घरात उपयोगी पडणारी गोष्ट आधी ध्यानात ठेवायची, ही माझी जुनी सवय. सखल भागात, काळी माती साचते तिथं मारवेल. उतरणीला पवन्या आणि शेडा. बांधाकडेला रोशा, वास छान, पण बैल हुंगून सोडून देतात. आणि वरच्या मुरमाड पठारावर नुसती कुसळी. कोवळी असताना जनावरं ती आवडीनं खातात. पिकली की तिला सुईसारखी कुसळं येतात, ती जिभेत, हिरड्यांत रुततात आणि बैल वैरण सोडतो.

म्हणून कुसळी वेळेवर कापायला हवी. आमच्या गावात ती वेळ ठरलेली होती. खंडेनवमीला विळ्यांची पूजा व्हायची, दसरा झाला की माळावर विळा. त्याआधी काडीलाही हात नाही. एरवी हे जमून जायचं. पण संस्थानी अंमल सरत आलेला असतानाच्या एका वर्षी अधिक महिना आला आणि नवमी लांबली. गवताला पंचांग कळत नाही. त्यात पाऊसही लवकर उघडला.

माझी थोरली जाऊ, जिला सगळे अक्का म्हणत, स्वयंपाकघराच्या दारातून सासऱ्यांना म्हणाली, "अप्पा, कुसळी निसवायलीय. चार दिसांत सुया धरतील."

"मग? पूजेआधी विळा लावू व्हय? गाव शेण घालंल तोंडात."

"गावाच्या तोंडाचं ऱ्हाऊ द्या, बैलाच्या तोंडाचं बघा."

अप्पा हसले, पण विळे आढ्यालाच राहिले. वैरण कमी पडली तर धाकटा तांबडा बैल हुमनाबादच्या बाजारात न्यायचा, एवढं मात्र त्यांनी सांगून टाकलं. तो अक्काच्या माहेराहून वासरू असताना आलेला. 

दसऱ्यापर्यंत पठारावरची सगळी कुसळी पिकून तांबूस झाली. दुसऱ्या दिवशी दव वाळल्यावर अक्कानं अप्पांची घोंगडी खांद्यावर टाकली. "चल गं, दुसरं टोक धर."

उभ्या गवतावरून आम्ही दोघी घोंगडी ओढत निघालो. सुटायला आलेली कुसळं लोकरीत अडकायची, गवत मोकळं व्हायचं. घोंगडी जड झाली की अक्का ती विळ्याच्या पाठीनं खरवडायची. मागून माझे मालक आणि थोरले दीर कापत यायचे.

अप्पा बांधावर येऊन उभे राहिले. "कामून माझीच घेतलीस?"

"घरात दुसरी एवढी खरबरीत न्हाई."

"अन् थंडीत मी काय पांघरू, कुसळी?"

संध्याकाळी पहिली पेंढी तांबड्यापुढं सोडली. सगळे बघत उभे. त्यानं हुंगलं, एक काडी ओठानं बाजूला सारली आणि खायला लागला. अक्का घागर घेऊन पाण्याला निघून गेली.

पाऊस येईतो त्या गवताची गंजी पुरली. बाजाराचं नाव परत कुणी काढलं नाही. हिवाळाभर अप्पा सकाळच्या उन्हात गोठ्यापुढं बसून घोंगडीतली कुसळं चिमट्यानं काढायचे. तांबडा शेजारी रवंथ करत असायचा.

"खा बाबा, खा," ते त्याला म्हणायचे. "तुझ्या वाटचं मला टोचायलंय."